लाल दिवा उतरवलेली जीप

आमच्या घरमालकांना चुलीतला विस्तव पाहवत नसे. भाताचं पातेलं चुलीवरून उतरलं की तांब्याभर पाणी घेऊन ते स्वयंपाकघराच्या दारात उभे. ‘झालं ना? मंग इझव.’ त्यांची बायको पाठमोरीच उत्तर द्यायची, ‘आइकता का, वरण राह्यलं अजून. तुमी जा अन् गावची आग इझवा, घरची मी पाहून घेतो.’ तेवढ्यात त्यांनी पाणी शिंपडलेलं असे. दुसरा चहा हवा असेल तर चूल नव्यानं पेटवावी लागे, म्हणून त्या घरात दुसरा चहा नव्हताच. मी नाशिककडची, दुसऱ्या चहाशिवाय माझं डोकं चालत नाही. तेव्हा आमची पहिली चकमक उडाली ती माझ्या रॉकेलच्या स्टोव्हवरून. स्टोव्ह चालू असेपर्यंत ते माझ्या दाराबाहेर स्टूल टाकून बसत. शेवटी मी त्यांनाही चहा द्यायला लागले आणि भांडण आपोआप मिटलं.

ऐंशी सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी मुलींच्या शाळेत मी नव्यानं लागले होते आणि या घरातली रस्त्याकडची खोली मला मिळाली होती. घरमालकांना सगळं गाव भाऊ म्हणे, म्हणून मीही भाऊच म्हणायचे. ते मला ‘बाई’ म्हणत, आणि माझं काही चुकलं की ‘मास्तरीणबाई’. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणत असे. भाऊ आधी राजुऱ्याकडे एका कोळसाखाणीत वायरमन होते. ती नोकरी सोडून त्यांनी मूलला राइस मिलच्या जळक्या मोटारी नव्यानं गुंडाळून द्यायचं दुकान टाकलं. पन्नाशीचे, बुटके, रुंद खांद्यांचे. उन्हाळाभर डोक्यावर खाणीतलं हेल्मेट. लग्नाला गेले तरी आचाऱ्याच्या भट्टीजवळ बादली घेऊन बसत आणि भट्टी विझल्यावर शेवटच्या पंगतीला जेवत. होळीच्या दिवशी पाण्याचे ड्रम भरलेली जीप पेटत्या होळीला खेटून उभी करत. पोरं त्या दिवशी बोंब मारत ती निम्मी होळीसाठी आणि निम्मी भाऊंसाठी असे.

ही जीप त्यांनी लष्कराच्या लिलावातली, तिसऱ्या हातानं घेतली होती. आगीचा बंब लांब चंद्रपूरला. तो निघून, विचारत विचारत जंगलातल्या गावाला पोचेपर्यंत तिथे विझवण्यासारखं काही उरत नसे. म्हणून भाऊंनी ठरवलं की हा बंब आपणच व्हायचं. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, त्यासाठी कोणी काही देतही नव्हतं. ‘का करता हे?’ असं मी पुष्कळदा विचारलं आणि दरवेळी वेगळं उत्तर मिळालं. एकदा म्हणाले, ‘जीप उभी राह्यली तं तिले जंग लागते.’ एकदा म्हणाले, ‘मले आगीचा राग येते, दुसरं काई नाई.’ वहिनींचं उत्तर मात्र कायम तेच होतं. ‘यायले घरी बसवत नाई.’

जीप सजवायचं काम अंगणातल्या निंबाच्या झाडाखाली दोन वर्षं चाललं होतं. मागच्या बाजूला पाण्याचे चार ड्रम, धानावर औषध मारायचे फवारणी पंप, फावडी, ओली पोती. बोनेटखाली एकाऐवजी दोन बॅटऱ्या. भातगिरणीचा मोडीत निघालेला भोंगा त्यांनी उचलून आणला, त्याला मोटार बसवली, आणि झाला सायरन. टपावरचा फिरता दिवा वायपरच्या मोटारीवर फिरायचा. त्याला लाल काच मिळेना, तेव्हा वहिनींचा साखरेचा लाल प्लास्टिकचा डबा एका सकाळी गायब झाला आणि संध्याकाळी टपावर उलटा होऊन फिरायला लागला. वायर ओढताना ते प्रत्येक वळणावर बोटभर ढील सोडत. मला वाटलं, माप चुकलं. ‘माप नाई चुकलं बाई. वायर असो का माणूस, ताणून बांधाचं नाई. गचका बसला का तुटते.’

वायरलेस मात्र त्यांना लाभला नाही. परवान्यासाठी केलेला अर्ज कुठल्याशा टेबलावर झोपला होता. पण भाऊंनी तोवर आठ हात उंच अॅल्युमिनियमची काडी एरियल म्हणून जीपला लावून टाकली होती आणि डॅशबोर्डखाली वायरलेससाठी फळी ठोकली होती. ‘पाट मांडून ठेवाव, पाहुना येईनच.’ पाहुणा आला नाही. त्या पाटावर एक ट्रान्झिस्टर बसला आणि त्यावर भाऊ सकाळ-संध्याकाळ नागपूरचं हवामान ऐकत. पावसाशी त्यांना घेणं नव्हतं, त्यांना वारा कोणीकडून आहे ते हवं असे. आगीची बातमी बसचे कंडक्टर आणून देत, आणि रोज सकाळी भाऊ स्वतः कौलांवर चढून चारी दिशांना धूर शोधत.

दर रविवारी सकाळी सायरन तपासायचा नेम होता. तो वाजला की गल्लीतली सगळी कुत्री एका सुरात रडत आणि शेजारपाजारचे भाऊंच्या सात पिढ्यांची आठवण काढत. एकदा चंद्रपूरहून एक साहेब आले. लाल दिवा मोठ्या अधिकाऱ्यांच्या गाडीला असतो, खाजगी माणसाला चालत नाही, काढा, म्हणाले. भाऊ त्यांना तासभर पुरले. ‘साहेब, हा दिवा नाई. साखरेचा डबा आहे. घरच्याईले विचारा.’ वहिनींनीही मान डोलावून साक्ष दिली. साहेब चहा न घेताच गेले, कारण चूल विझलेली होती. लाल दिवा राहिला आणि भाऊ आठवडाभर छाती काढून हिंडले.

पुढच्याच एप्रिलात मोहटोल्याला आग लागली. मूलपासून जीपनं तासाभरावर, जंगलातलं अठ्ठावीस घरांचं ते टोलं, म्हणजे पाडा. त्या दिवसांत मोहाची फुलं पडतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून वेचणारे पहाटे झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करतात. दरसालचं काम. पण एखाद दिवशी वारा उठतो आणि विस्तव पाचोळ्यातून गवतात, गवतातून तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगात आणि तिथून छपरावर जातो. मी त्या दिवशी शाळेत होते. जे सांगते आहे ते संध्याकाळी ओट्यावर बसून भाऊंनी सांगितलेलं.

‘मी सायरन वाजवत गेलो बाई, लाल दिवा फिरवत. मले वाटलं, लोकं आवाज आइकतीन, धावून येतीन. गावात पोचलो तं समदे पळून राह्यले. बाया लेकरं कडेवर घेऊन पळून राह्यल्या. मी वरडलो, अरे थांबा, आग इझवाची आहे! कोन आइकते? दोन मिन्टात गाव रिकामं झालं.’

जंगलातल्या गावाला लाल दिव्याची जीप माहीत होती ती धाडीची. कोणाच्या घरी मोहाच्या दारूचं मडकं होतं, कोणाच्या परसात सागाच्या दोन बल्ल्या होत्या, आणि ज्यांच्याकडे काहीच नव्हतं तेही इतर पळाले म्हणून पळाले. हिरव्या फांद्या घेऊन आग झोडपायला ज्या माणसांची गरज होती ती सगळी झाडीत दडून बसली.

‘एक बुढी राह्यली होती,’ भाऊ म्हणाले. ‘गुडघे धरलेले, पळता येत नाई. आंगनात बसली होती अन् मांगं तिचं छप्पर पेटून राह्यलं होतं. तिनं मले पाह्यलं अन् हात जोडले. मनते, माह्या घरी दारू नाई बाप. पाहून घे.’

त्यांनी तिला उचलून बाहेर आणलं. तिचं घर गेलं, शेजारची तीन गेली. एकटा माणूस फवारणीच्या पंपानं काय काय विझवणार? मी काहीतरी समजुतीचं बोलू लागले, वारा होता, उन्हाळा होता. भाऊंनी हात वर केला. ‘ते घर मोहाच्या आगीनं नाई जळलं, बाई. माह्या दिव्यानं जळलं.’

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिवा आणि सायरन दोन्ही उतरवले. साहेबाशी तासभर भांडून वाचवलेला तो दिवा पाच मिनिटांत खाली आला. डबा वहिनींना परत मिळाला, त्यांनी तो धुऊन फळीवर ठेवला. त्या दिवशी चूल दुपारपर्यंत धुमसत राहिली, कारण तांब्या घेऊन दारात कोणी आलंच नाही. मला ते धुमसणं सहन झालं नाही. उगाच वहिनींशी बोलत बसले.

त्यानंतर भाऊंना एकच ध्यास लागला. आपली जीप पाहून पुन्हा एकही माणूस पळता कामा नये. त्यासाठी ते गावोगाव जाऊन एक प्रश्न विचारत सुटले, ‘तुमी कोन्या आवाजाले पळत नाई?’ असा प्रश्न त्या मुलखात आजवर कोणी विचारला नसेल. एका गावात म्हणाले, बैलांच्या घुंगराले. दुसऱ्या गावातल्या बायका म्हणाल्या, रॉकेल आल्याच्या दवंडीले तं आमी उलट्या धावत येतो. भाऊंनी घुंगरमाळ जीपला बांधून पाहिली, इंजिनाच्या आवाजात ती ऐकू येईना. मग त्यांनी एका नाटक मंडळीकडून जुना लाऊडस्पीकर आणला. दंडारीच्या खेळांपायी आणि नाटकांपायी तिकडची माणसं हिवाळाभर रात्ररात्र जागतात, लाऊडस्पीकरला ती कशाला भितील, असा हिशेब. हिशेब बरोबर निघाला, जरा जास्तच. एका गावाबाहेर गवत पेटलं असताना भाऊ माइकवरून ओरडताहेत, ‘या हो, धावा हो,’ आणि लोक धावत येऊन विचारताहेत, ‘नाटक कोनतं आहे, भाऊ? हिरोइन कोन?’

उत्तर शेवटी मोहटोल्यातच मिळालं. त्या म्हातारीच्या घराला बांबू आणि कौलं घेऊन भाऊ पावसाळ्याआधी तीनदा जाऊन आले. तिसऱ्या खेपेला मीही गेले होते. भाऊंनी तिलाही तो प्रश्न विचारला. ती तंबाखू मळता मळता म्हणाली, ‘जीपवाला कोनीबी येवो, मले मनते, ए बुढी. माहं नाव कोनी घेत नाई. तू नावानं हाक मारली असती, तं मी समजली असती का आपला मानूस आहे.’

भाऊ तिच्यासमोर उकिडवे बसले. मग विचारलं, ‘नाव काय, माय, तुहं?’

‘येसू.’

परत येताना त्यांनी माझ्याकडे शाळेतलं एक कोरं हजेरीपुस्तक मागितलं. मी विकत आणून दिलं. त्यात त्यांनी गावं मांडली, गावांत घरं, घरांत माणसं. हजर-गैरहजरच्या रकान्यात त्यांची स्वतःची टिपणं असत: ‘कान नाई, बायकोले सांगाव’, ‘गुडघे धरले, उचलाव लागन’, ‘दोन सोमा, एक बुटका’, ‘म्हैस आधी सोडन, मंग लेकरू’. हिवाळाभर ते गावोगाव नावं गोळा करत हिंडले. नावं तोंडपाठ हवीत हा त्यांचा हट्ट होता, आणि ती घोकून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. संध्याकाळी चहा झाला की मी गावाचं नाव घ्यायची आणि भाऊंनी घरामागून घर म्हणायचं. चुकले की पोरीसारखे लाजत. पुस्तकात डोकं घालून ते भराभरा वाचायला लागले की मी रागवायची. ‘भाऊ, हजेरी घेताना मान वर करायची. तुम्ही पुस्तकाकडे पाहून नाव घेतलंत तर पोर आपलं म्हणून ओ देत नाही.’

‘हाव, मास्तरीणबाई,’ ते म्हणत, आणि पहिल्यापासून सुरू करत.

दुकानात तारेचे वेढे मोजतानाही आकड्यांऐवजी ते नावंच घेत, एका वेढ्याला एक नाव. एकदा मिलवाला मोटार परत घेऊन आला, नीट फिरत नाही म्हणून. भाऊंनी ती उघडली, थोडा विचार केला आणि अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, ‘मी ज्या गावाची नावं मोजली, त्या गावात या साली दोन सुना नव्या आल्या. दोन वेढे जास्त झाले.’ मिलवाल्याला अर्थात काहीच कळलं नाही.

टपावर आता लाल दिव्याची जागा मोकळी होती. तिथे काय लावणार, असं मी विचारलं तर म्हणाले, तिथी काई नाई. एक साधा दिवा त्यांनी आत लावला, चालकाच्या डोक्यावर, असा की उजेड थेट त्यांच्याच तोंडावर पडावा. मी म्हटलं, अहो, पहाटे चालवताना तुम्हालाच पुढचं दिसणार नाही. ‘गावात शिरतानाच लावाचा. समोरच्याच्या तोंडावर उजेड पाडते तो पोलीस. आपून आपल्या तोंडावर पाडाचा. त्याले दिसाले पायजे, कोन आला.’ हे ते तार सोलता सोलता बोलून गेले. मी मात्र उठून आत गेले.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही मोहटोल्याला निघालो होतो, नव्या सुना आणि नवी बाळं पुस्तकात चढवायला. अर्ध्या वाटेवर भाऊंनी ब्रेक दाबला. झाडांच्या वर धूर होता, आणि वारा गावाकडेच होता. त्यापुढे जीप कशी धावली ते मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटून दांडा धरून बसले होते.

गावाच्या तोंडाशी भाऊंनी जीप थांबवली. भर सकाळी तोंडावरचा दिवा लावला. माइक घेतला, पुस्तक उघडलंसुद्धा नाही. ‘लालसू! जनाबाई! बुटका सोमा! मी आलो भाऊ, मूलचा! आग इझवाले आलो!’

कोणी बाहेर आलं नाही. दारं ओढून घेतलेली, अंगणं रिकामी, एक कोंबडी तेवढी आडवी पळाली. भाऊंनी आणखी पाच-सहा नावं घेतली आणि थांबले. मी त्यांच्याकडे पाहिलं. दिव्याच्या उजेडात ते दहा वर्षांनी म्हातारे दिसत होते.

‘पळाले, बाई,’ ते म्हणाले आणि माइक मांडीवर ठेवला.

मला काय सुचावं? मी शाळेत म्हणते तेच म्हणाले. ‘हजेरी अर्धी सोडायची नसते, भाऊ. पूर्ण घ्या.’

त्यांनी माइक पुन्हा तोंडाशी नेला. ‘कन्ना!’ आवाज फाटला होता. ‘रैनू!’

‘हाव, भाऊ!’

आवाज धुरातून आला होता, गावापलीकडून. पाठोपाठ दुसरा. ‘हाव! इथी आहो!’ मग एका बाईचा, मग दोन्ही सोमांचे एकदम. ते कुठेही पळाले नव्हते. ते आमच्या आधी आगीपाशी पोचले होते आणि ओल्या फांद्यांनी गवत झोडपत होते. आमची वाट बघायची त्यांना गरजच पडली नव्हती. भाऊंनी जीप तशीच तणसाच्या ढिगांपर्यंत नेली, एका हातानं चाक आणि एका हातानं माइक धरून, आणि घरामागून घर सगळी नावं घेतली. धुरात माणूस दिसत नव्हतं. ओ आली की ते मान हलवत आणि पुढचं नाव घेत. एकदा ओ आली नाही, तेव्हा त्यांनी तेच नाव चारदा घेतलं. चौथ्यांदा खोकल्यासकट उत्तर आलं. ते रडत होते. धुरानं, असं नंतर म्हणाले.

येसूबाईला गावकऱ्यांनी आधीच खाटेसकट उचलून मोकळ्या रानात आणून ठेवलं होतं. भाऊंनी ड्रम खाली घेतले, पंप पाठीला लावला आणि धुराकडे वळले. तिनं त्यांचं धोतर धरलं.

‘थांब. तुहं नाव काय?’

‘मी भाऊ, माय. ओळखलं नाई?’

‘भाऊ तं धा जन आहेत इथी. तू धुरात गेला अन् मी भाऊ मनून हाक मारली, तं धाई जन ओ देतीन. तू आहे का नाई ते मले कसं समजन? नाव सांग.’

हा माणूस गावोगावची शेकडो नावं पाठ म्हणत होता, पण त्याला त्याचं नाव आजवर एकाही गावानं विचारलं नव्हतं. वहिनी नवऱ्याचं नाव घेत नसत. मी ते विजेच्या बिलावर वाचलं होतं, पण ऐकलं कधी नव्हतं. भाऊंनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली वाकून, नव्या नवरीनं उखाणा घ्यावा तसं ते तिच्या कानात सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही, ते त्या म्हातारीला सांगितलेलं होतं.

भाऊ धुरात शिरले आणि दिसेनासे झाले. मी ओली पोती देत उभी राहिले. येसूबाई खाटेवर ताठ बसली आणि तिनं आपल्या बारीक, चिरक्या आवाजात त्यांच्या नावानं हाक मारली.

‘हाव!’ आतून आवाज आला.

तिनं पाच बोटं मोजली आणि पुन्हा हाक मारली. आग विझेपर्यंत, दुपारचं ऊन डोक्यावर येईपर्यंत, ती म्हातारी त्यांना हाका मारत होती, आणि प्रत्येक हाकेला भाऊ ओ देत होते.